घरामागे एक पोतं हळद

कुणाला गाणी आवडतात, कुणाला पिक्चर. मला करारनामे आवडतात. चांगला करारनामा वाचताना मला हसू येतं, वाईट वाचताना राग येतो, आणि राग आला की मी पेन शोधते. नवरा गेल्यावर औंढ्यात एका वकिलांकडे टायपिंगला लागले होते, तिथं ही खोड जडली. पुढं बायकांची हळदीची कंपनी निघाली आणि तिच्या कागदपत्रांसाठी मला व्यवस्थापक म्हणून बसवलं. शिरड शहापूरकडच्या शेतकरी घरांतल्या बायका आणि जवळच्या एका तांड्यावरच्या बायका, अशी आमची कंपनी. ऑफिस नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, किराणा दुकानाच्या माडीवर. खाली नारळ-प्रसादाची गर्दी. दिवसातून एखादा यात्रेकरू जिना चढून येतो आणि विचारतो, "खोली मिळंल का?" मी पाणी देते आणि खाली पाठवते.

खोलीवरून आठवलं. आमचा पहिला विक्री करार मी एका भाडेकराराची नक्कल करून बनवला होता. नावं बदलली, 'घर' तिथं 'हळद' केलं, आणि घाईत एक अट तशीच राहिली: 'भिंतींना खिळे ठोकू नयेत.' हळद घेणाऱ्या व्यापाऱ्यानं खाली झोकात सही केली. त्यानं अजून तरी कुठं खिळा ठोकल्याचं माझ्या कानावर नाही.

म्हणून ऑफिसात ते सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी खरोखर आनंदानं टाळी वाजवली. माल कोणता, ओलावा किती, पोहोच कुठं, एवढं भरायचं. चहा निवायच्या आत करारनामा तयार. आणि ते सॉफ्टवेअर नुसतं तयार करून थांबत नाही, स्वतःच तपासतं. राहिलेली जागा पिवळी, धोक्याची अट लाल, ठीकठाक ते हिरवं. खिळ्यांची अट त्यानं पाहताक्षणी लाल केली असती. पुढं तोच मसुदा संचालिकांच्या मोबाईलवर जातो, खाली 'मान्य' आणि 'हरकत' अशी दोन बटणं. सगळ्यांचं झालं की समोरच्या पार्टीकडं आपोआप रवाना. आमच्या अध्यक्षबाई शिरड शहापूरच्या, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं.

"ह्यो तर मुनीम हाय की! पगार मागंना, तंबाकू खाईना."

तेव्हापासून तो मुनीमच.

मुनीम रुळला आणि त्याच हिवाळ्यात पुण्याची एक मसाला कंपनी दारात आली. आमची सगळी हळद सरळ आमच्याकडून घ्यायची, तीही दरवर्षी. ही गोष्ट काय होती ते सांगते. तोवर आमची हळद बाजारात जायची, लिलावात तिच्यावर दुसऱ्यांची बोली लागायची, आणि बायका घरी बसून फोनची वाट पाहायच्या. आता पहिल्यांदाच खरेदीदार बायकांचा दरवाजा शोधत येत होता. हा करार झाला तर कंपनी उभी राहणार होती, नाही तर आम्ही पुन्हा लिलावाच्या ओट्यावर.

त्याच सुमारास तांड्यावर हळदीचं पीक बघायला गेले होते. तांड्याच्या नायकाची बायको आमची संचालिका. तिला सगळे नायकीण म्हणतात, मीही म्हणते. बोलायला कमी, पण तिच्यासमोर कुणाचं फालतू चालत नाही. तिनं मला शेताच्या कडेच्या दोन सऱ्या दाखवल्या. बाकी हळदीहून त्यांची पानं रुंद, गवताची काडी नाही.

"ह्या पोरीच्या," ती म्हणाली. "तिनंच लावल्या, तिनंच निंदल्या. वैशाखात लगीन हाय तिचं. ह्याच हळदीनं हळद लागंल."

पोरगी बांधावर उभी होती, कॉलेजची बॅग पाठीला. लाजली आणि मोबाईलमध्ये बघायला लागली. पोरीच्या हळदीला आपल्या रानातली हळद, यात नवल काय, असं मनात म्हणत मी परतले.

करार मुनीमनं बनवला. पुण्याच्या कंपनीनं आपला ठरीव नमुना पाठवला होता, त्यात आमची माहिती भरली. मुनीमनं तपासला. जवळजवळ सगळं हिरवं, हिरव्यागार शेतासारखं. मी डोळे भरून बघितलं आणि संचालिकांना पाठवून दिलं. अध्यक्षबाईंनी लगेच 'मान्य' दाबलं. तांड्यावरच्या संचालिकांचं काही उत्तर आलं नाही. मुदत संपली आणि मुनीमनं त्यांच्या नावापुढं हिरवी खूण केली: 'हरकत नाही.' करार पुण्याला गेला. संक्रांतीनंतर त्यांचे साहेब पीक पाहायला येणार आणि मग सह्या, असं ठरलं. मी खाली जाऊन पेढे आणले, दुकानदारालाही दिले, आणि खोली विचारायला आलेल्या यात्रेकरूलाही.

संक्रांत झाली. कंपनीचं हळदीकुंकू यंदा तांड्यावर होतं, नायकिणीच्या अंगणात. अशा कार्यक्रमात माझं काम ठरलेलं आहे. मी फोटो काढते. बायका रांगेनं बसतात, मी मोबाईल धरून मागंपुढं करते, आणि सगळ्या फोटोंत सगळ्या असतात, मी सोडून. ते माझ्या अंगवळणी पडलेलं.

अंगण सारवलेलं, तिळगूळ वाटून झालेले. नायकीण ताट घेऊन आली. ताटात कुंकवाचा करंडा होता आणि शेजारी हळदीची छापील पुडी. दुकानची. वर पिवळंधमक चित्र, कोपऱ्यातून कातरीनं कापलेली. मी मोबाईल खाली घेतला. पुन्हा वर धरून मोठं करून बघितलं. पुडीच होती. जिच्या घराच्या आढ्यापर्यंत हळदीची पोती लागतात, ती बाई औंढ्याच्या दुकानातून हळदीची पुडी आणून आम्हा हळदीच्या बायकांना लावत होती.

मला हसू आवरेना. "अहो नायकीण, हे काय? घरातली हळद रुसली का?"

नायकीण हसली नाही. "करार हाय न्हवं," ती म्हणाली.

"कसला करार?"

"तुमीच पुण्याला धाडला. सही व्हायची हाय, पर कंपनीचा सबूद गेला. पोरीनं वाचून दाखिवला. सगळी हळद त्यांची. कोनाला द्यायची न्हाई, फुकट बी न्हाई. मंग ही कशी देऊ?"

मी तिथंच मोबाईलवर करार उघडला. होती अट, सातव्या कलमात, हिरव्या रंगात: 'सदस्यांच्या ताब्यातील व पुढे येणारी सर्व हळद केवळ खरेदीदारासच देण्यात येईल. अन्य कोणासही, कोणत्याही कारणाने, विनामोबदलाही देता येणार नाही.' असली कलमं सगळ्या करारांत असतात म्हणून मुनीमला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. करारात त्याला हळद म्हणजे माल. लेकीच्या अंगाला लागते, देवाला वाहतात, मुका मार लागला की लेप घालतात, रात्री खोकणाऱ्या लेकराला दुधात देतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अध्यक्षबाई तिळगूळ चघळता चघळता थांबल्या. "आगं बाई! म्हंजे माझ्या बी घरची? मी तर काल जावंच्या घरी शेरभर धाडली की!"

"मोडला तुमी करार," नायकीण शांतपणे म्हणाली.

अंगणात हशा पिकला. मी मात्र तोवर तापले होते. एक तर मुनीमवर, दुसरं नायकिणीवर. "अहो, मग 'हरकत' दाबायचं ना! बटण कशाला दिलंय? तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

नायकिणीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"आमी गप बसलो व्हतो की," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी!"

"आवो, आमच्या तांड्यावर बैठक बसती ना, तवा ज्याला पटलं तो व्हय म्हणतो, मोठ्यानं. ज्याला न्हाई पटलं तो गप बसतो. तोंडावर न्हाई म्हणून कोनाचा मान काहून मोडायचा? येक जरी मानूस गप बसला तर बैठक उठत न्हाई. नायक त्याच्यापशी जाऊन बसतो, इचारतो, तुझ्या मनात काय हाय. आमी समद्या गप बसलो. मी वाट पाहून राहिले, तुमी इचारायला याल म्हणून."

आणि मी पेढे वाटत होते. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत असतं ना, मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल, तीच रीत मुनीममध्ये आधीपासून भरलेली. गप्प म्हणजे होकार. तांड्यावर गप्प म्हणजे नकार. आमच्या कंपनीतल्या निम्म्या संचालिकांनी एकमतानं नकार दिला होता आणि मुनीमनं त्या सगळ्यांना हिरव्या खुणा करून ठेवल्या होत्या.

"आणि पोरीच्या दोन सऱ्या?" मी विचारलं.

पोरगी दाराशी येऊन ऐकत होती. तीच म्हणाली, "दुकानची आणू की, ताई. करार मोडायला नको. सगळ्याजणींचं नुकसान होईल." आणि घरात निघून गेली. त्या पोरीचं शहाणपण मला अजिबात आवडलं नाही. त्या वयात थोडं तरी रडावं, आदळआपट करावी. नायकिणीनं पुडीचं तोंड दुमडलं आणि ती ताटात ठेवली. तिचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. त्यांचे खरेदीचे साहेब बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, कलम बदला आणि पाठवा, बघू." मी मुनीमला सांगून एक ओळ घातली: 'घरच्या वापराची हळद वगळून.' पाठवली. पण पुण्याकडंही त्यांचा मुनीम होता. त्यानं आमची ओळ लाल करून परत पाठवली: 'ठरीव अटीपासून फारकत.' आमच्या मुनीमनं त्यांचा शेरा लाल केला: 'खुलासा अपुरा.' त्यांच्यानं आमचा खुलासा लाल केला. दोन दिवस दोघं भांडत बसले, नळावरच्या बायका बऱ्या. शेवटी साहेबांचा फोन आला, आवाजातला गोडवा जरा कमी झालेला. "मॅडम, अशानं वरिष्ठ म्हणतील दुसरीकडून घ्या. तुम्हाला तसं चालेल का?"

मला चालणार नव्हतं. पण नायकिणीच्या अंगणातली ती पुडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हणाले, "साहेब, पीक बघायला येणारच आहात. बायकांसमोर बसून बोला. मग काय ते ठरवा."

साहेब आले. नायकिणीच्या अंगणात बूट काढून सतरंजीवर बसले, तेवढ्यानंच अर्ध्या बायकांना बरं वाटलं. त्यांनी करार समजावून सांगितला, चांगला सांगितला. भाव कसा मिळेल, गाडी दारात कशी येईल. सगळ्याजणी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मग? चालेल ना सगळ्यांना?"

कुणी चकार शब्द काढला नाही. कोंबडी अंगणातून चालत गेली. साहेबांनी हसून माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "झालं की मॅडम. कुणाचीच हरकत नाही."

"साहेब," मी म्हणाले, "तुम्हाला आत्ताच सगळ्यांनी मिळून नाही म्हटलंय."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी त्यांना तांड्याची रीत सांगितली. ते थोडा वेळ डोकं खाजवत बसले आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन. ते उठले, नायकिणीसमोर जाऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुमच्या मनात काय आहे, बाई?"

नायकिणीनं पदर सारखा केला. "लेकीबाळींची हळद आमची," ती म्हणाली. "बाकी समदी तुमची."

एवढंच. साहेब हसले. म्हणाले, माझ्या बहिणीच्या लग्नात आईनं हळद गावाहून मागवली होती, पुण्यात हळदीचं दुकान घराखाली असताना. त्यांनी लॅपटॉप काढला, मी माझा काढला, आणि सतरंजीवर बसून नवीन कलम लिहायला घेतलं: 'लेकीबाळींची हळद वगळून.' मुनीमनं ताबडतोब पिवळं केलं. 'लेकीबाळी या संज्ञेची व्याख्या द्यावी.'

आणि मग जी गंमत सुरू झाली तिला तोड नाही.

"लेकी म्हंजे पोटच्या," एकजण म्हणाली.

"आनि सूनबाई कुठं गेल्या? त्या काय उकिरड्यावरून आल्या?"

"नणंद घाला. तिच्या डोहाळजेवनाला काय दुकानची लावू?"

"शेजारनीच्या पोरीला आई न्हाई. तिची हळद आमच्याच घरून जाती."

"मंग गावजावयाची आई बी घाला!" अध्यक्षबाई ओरडल्या, "ती दरसाली येती पिशवी घेऊन!"

साहेब टाईप करत होते, पुसत होते, डोळ्यांतलं पाणी पुसत होते हसून हसून. यादी लांबत लांबत देवापाशी गेली, खंडोबा, मरीआई, मग म्हशीपाशी गेली, कारण म्हशीच्या दुखऱ्या पायालाही हळदच लागते. शेवटी साहेबांनी हात जोडले. "बायांनो, आमचा मुनीम एवढी माणसं आत घेणार नाही. मला एक माप सांगा. कुणाला द्यायची ते तुमचं तुम्ही बघा."

सगळ्याजणी नायकिणीकडं बघायला लागल्या. "घरामागं येक पोतं," ती म्हणाली.

साहेबांनी बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. आम्ही सगळ्या त्यांच्या पाठीकडं बघत होतो. पाठ बराच वेळ होकारार्थी हलली, मग थांबली, मग पुन्हा हलली. ते वळले आणि म्हणाले, "घरामागे एक पोतं, सदस्यानं मर्जीप्रमाणे द्यावं. मंजूर."

मग त्यांनी पुन्हा विचारलं, यावेळी नीट, एकेकीकडं बघून. आणि एकेक व्हय आला. कुणाचा खणखणीत, कुणाचा पदराआडून. नायकिणीचा सगळ्यांत शेवटी. पोरगी दारात उभी होती, ती सदस्य नव्हती, तरी तीही म्हणाली. मी मुनीमला उघडून ती मुदतीची खूण काढून टाकली. आता कुणी गप्प बसलं की तिच्या नावापुढं एकच ओळ येते: 'जाऊन विचारा.' ही ओळ मी स्वतः लिहिली आहे आणि मला तिचा भयंकर अभिमान आहे.

सह्या झाल्या. हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिश झाली. पुण्याची गाडी खरोखर दारात आली. आणि प्रत्येक घरात एक पोतं मागं राहिलं.

वैशाखात तांड्यावर लग्नाला गेले. हळदीच्या दिवशी मांडवात पोरगी पाटावर बसली होती, समोर पितळी वाटीत तिच्याच दोन सऱ्यांची हळद. दुकानच्या पुडीसारखी पिवळीधमक नव्हे, जरा नारिंगी, आणि वास असा की मांडवाबाहेरूनही कळावा. माझं मन इतकं भरून आलं की मी घाईनं मोबाईल काढला आणि फोटो काढायला मागं सरकले.

"तुमी इकडं या," नायकीण म्हणाली. "पहिली हळद तुमी लावा."

मला वाटलं तिनं दुसऱ्या कुणाला म्हटलं. मागं बघितलं, मागं कुणी नव्हतं. नवरा गेल्यापासून मी कुणा नवरीला हळद लावलेली नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पहिल्याच लग्नात मी आपण होऊन कॅमेरा हातात घेतला आणि बाजूला झाले. मी काही बोलले नाही, म्हणून सगळ्यांनी धरलं की माझी हरकत नाही. इतकी वर्षं.

मी तशीच उभी राहिले.

नायकिणीनं मांडवातल्या बायकांकडं बघितलं. "ह्या लावतील पहिली हळद. बोला."

"व्हय," अध्यक्षबाई गरजल्या. मग एकेक करत सगळा मांडव व्हय म्हणाला. म्हाताऱ्या म्हणाल्या, पाहुण्या म्हणाल्या. पाटावरची पोरगी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली.

मी अजून गप्पच होते. मग नायकीण उठली, वाटी घेऊन माझ्याजवळ आली, माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला, आणि आवाज खाली आणून तिनं विचारलं,

"बाई, तुमच्या मनात काय हाय?"

"व्हय," मी म्हणाले. ते तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, आणि वाटीत बोटं बुडवली.